मेलबर्नच्या उन्हात सह्याद्रीची कारवी

मेलबर्नमधल्या क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये २०१४ पासून दर उन्हाळ्यात एक हंगामी मंडप उभा राहू लागला. त्याचं नाव एमपॅव्हिलियन. नेओमी मिलग्रोम फाउंडेशन तेव्हा दर वर्षी एका वास्तुकाराला बोलावत असे. मंडप चारेक महिने सगळ्यांना फुकट खुला असायचा, मग उचलून शहरात दुसरीकडे कायमचा बसवायचे. २०१६ च्या हंगामाचं काम ‘स्टुडिओ मुंबई’च्या बिजॉय जैन यांच्याकडे होतं. ५ ऑक्टोबर २०१६ ला उघडलेला हा मंडप १८ फेब्रुवारी २०१७ पर्यंत बागेत होता. खालची टिपणं जानेवारी २०१७ च्या शेवटच्या आठवड्यातली आहेत.

पहिला दिवस : पूल ओलांडून बागेत

आधी विमानतळाचं. ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर लाकडी वस्तू, वनस्पतींचे भाग, बिया आणि खाण्याचे पदार्थ यांचे रकाने असतात. सामानात बांबूची फणी किंवा लाकडी मॉडेल असेल तर ते लिहायचं, दाखवायचं, बहुतेक वेळा परत मिळतं. लपवलं तर दंड. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ घरीच ठेवावेत. या देशात कच्चा बांबू सहजासहजी शिरत नाही. धुरी, उष्णता किंवा किरणोत्साराची प्रक्रिया आणि तिचा दाखला लागतो. साल, माती किंवा जिवंत किडा सापडला तर अख्खा कंटेनर अडकतो. आपल्याकडे मांडववाला टेम्पोतून बांबू उतरवतो आणि कामाला लागतो. तोच माल समुद्रापार न्यायचा तर काय सोपस्कार होतात, हे मंडप बघण्याआधी ठाऊक असलेलं बरं.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनातून निघून प्रिन्सेस ब्रिजवरून यारा नदी ओलांडायची आणि सेंट किल्डा रोडने दक्षिणेकडे चालायचं. उजव्या हाताला आर्ट्स सेंटर, पुढे नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया. डाव्या हाताला बाग. चालत दहा-बारा मिनिटं. ट्रामने जायचं तर शहराच्या मध्यभागातला मोफत ट्रामचा पट्टा नदीच्या अलीकडेच संपतो. पूल ओलांडून पुढच्या थांब्यावर उतरणाऱ्याला मायकी कार्ड (ट्राम-ट्रेनच्या भाड्याचं कार्ड) टॅप करावंच लागतं, आणि २०१७ मध्ये नुसत्या कार्डाचेच ६ डॉलर पडत. फुकटची ट्राम समजून पलीकडे गेलेले पाहुणे तपासनिसाच्या हाती नेहमी लागतात.

गॅलरीसमोर बागेत फुलांचं मोठं घड्याळ आहे. ते खूण म्हणून धरायचं. गॅलरीची इमारत रॉय ग्राउंड्स यांची, १९६८ सालची, बाहेरून पूर्ण ब्लूस्टोनची. मंडपात शिरायच्या आधी रस्ता ओलांडून त्या भिंतीला हात लावून यावं, कारण मंडपाच्या पायाशीही व्हिक्टोरियाचा ब्लूस्टोनच आहे. ब्लूस्टोन म्हणजे बेसाल्ट. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद, वयाने खूप लहान. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, व्हिक्टोरियाच्या पठाराचा बराचसा भाग गेल्या काही दशलक्ष वर्षांतला. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पायाखालचा दगड ओळखीचा वाटतो तो यामुळे.

पहिल्या दिवशी बाकी काही करायचं नाही. लांबून एक फेरी मारायची आणि दिशा पक्क्या करायच्या. दक्षिण गोलार्धात आपल्या अंगवळणी पडलेल्या दिशा दगा देतात. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर सूर्य उजवीकडून डावीकडे सरकतो. आपल्याकडे दक्षिणेकडे बघताना तो डावीकडून उजवीकडे जातो. फोनमधला होकायंत्र उघडून एकदा खात्री केली की पुढचे दिवस गोंधळ होत नाही.

दुसरा दिवस : दोर, बांबू, खुंट्या

मंडप चौरस आहे, बाजू १६.८ मीटर. म्हणजे छपराखाली साधारण २८२ चौरस मीटर जागा. सात किलोमीटर बांबू, २६ किलोमीटर दोर, ५० टन दगड आणि सुमारे ५,००० लाकडी खुंट्या. हे आकडे बातम्यांत सगळीकडे छापून आले, पण ते एकमेकांशेजारी मांडून बघितले तर जास्त बोलके होतात.

प्रत्येक चौरस मीटरमागे २५ मीटर बांबू. प्रत्येक मीटर बांबूमागे पावणेचार मीटर दोर. आठ सेंटिमीटर जाडीचे दोन बांबू काटकोनात बांधायला किती दोर लागतो याचा ढोबळ हिशेब असा: एक वेढा साधारण अर्धा मीटर खातो, असे चार वेढे. मग दोन बांबूंच्या मधून आडवे तीन वेढे काढून आधीचे चार आवळायचे, आणि शेवटाला गाठीपुरता अर्धा मीटर. एका बांधणीला सव्वातीन ते साडेतीन मीटर. सगळा दोर अशाच बांधण्यांत गेला असं धरलं तर सात-आठ हजार बांधण्या होतात. ‘हाताने घडवलेला’ हे विशेषण कौतुकाच्या लेखांत फार सैल वापरतात. इथे ते मोजता येतं.

जवळून बघायचं ते हे मधले आडवे वेढे. नवशिक्याच्या बांधणीत तेच नसतात, नुसते बाहेरून भरपूर वेढे असतात. दिसायला दणकट, पण बांबू सुकून बारीक झाला की सगळी बांधणी एकदम ढिली पडते. आडव्या वेढ्यांनी दोराला ताण दिलेला असतो. बांबू दोन मिलिमीटर आटला तरी तो ताण पुरतो. गणपतीच्या मांडवात हे कुणी शिकवावं लागत नाही, मांडववाल्यांची पोरं बघत बघत उचलतात. काथ्या बांधायच्या आधी भिजवतात, म्हणजे तो मऊ पडून बांबूच्या गोलाईवर नीट बसतो, आणि प्रत्येक वेढ्याला पाय लावून ओढतात.

आटण्याचा धोका मेलबर्नमध्ये जास्त. कोकणच्या दमट हवेत मुरलेला बांबू इथल्या कोरड्या, गरम उत्तर वाऱ्यात आला की भराभर पाणी सोडतो. बाहेरची साल आधी आकसते, आतला गर मागे राहतो, आणि कांडं उभं तडकतं. तडा बांबूच्याच एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत गेला तर फारसं बिघडत नाही, गाठ त्याला अडवते. गाठ ओलांडून पुढे गेला तर तो बांबू भाराखाली ठेवायचा नाही. मंडपात फिरताना खांबांवरचे तडे बघावेत आणि ते कुठे थांबलेत हेही बघावं.

खुंटीचं गणित वेगळं. बांबूत खिळा ठोकला की तो फाटतोच, धागे सगळे उभे असतात. म्हणून गिरमिटाने भोक पाडायचं, गाठीजवळ पाडायचं, आणि लाकडी खुंटी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसेल एवढीच घट्ट ठेवायची. फार घट्ट बसवली तर पावसात खुंटी फुगते आणि आतून बांबू उकलते. सैल राहिली तर वाऱ्यात सांधा हलतो आणि भोक लांबट होत जातं. लोखंडी बोल्टपेक्षा लाकडी खुंटी इथे बरी, कारण ती आणि बांबू साधारण एकाच चालीने फुगतात-आटतात.

पन्नास टन दगड सगळ्या जागेवर सारखा पसरला असता तर त्याची जाडी जेमतेम सहा सेंटिमीटर भरली असती. म्हणजे दगड फार नाही. पण बांबूला दगडाचं काम वजनाइतकंच पाण्यापासून लांब ठेवण्याचं असतं. मातीत रोवलेला बुंधा जमिनीच्या पातळीला कुजतो. त्याच्या खालीही नाही आणि वरही नाही, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथेच. दगडावर उभा केला आणि शिंतोडे टाळले तर तोच बांबू वर्षानुवर्षं टिकतो. हलक्या मंडपाला आणखी एक भीती असते, वाऱ्याने वर उचललं जाण्याची. तिथे मात्र दगडाचं वजनच कामी येतं.

तिसरा दिवस : उन्हाच्या वेळा

हा दिवस बसून काढायचा. पाण्याची बाटली, टोपी आणि सनस्क्रीन घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. जानेवारीत मेलबर्नचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो आणि हवा २२ अंशांची गार असली तरी कातडी भाजते. आपण उकाड्यावरून उन्हाचा अंदाज बांधतो, तो इथे चुकतो.

जानेवारीच्या शेवटी सूर्य सकाळी साडेसहाच्या थोडा आधी उगवतो. पण नेमका पूर्वेला नाही, पूर्वेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला. म्हणजे सकाळचं पहिलं ऊन मंडपाच्या दक्षिण बाजूत तिरपं शिरतं. सव्वानऊच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेवर येतो आणि मग उत्तरेकडे सरकतो. संध्याकाळी पावणेसहानंतर तो पुन्हा दक्षिण बाजूला येतो आणि साडेआठनंतर मावळतो. दक्षिणेकडून फोटो काढायचा असेल तर सकाळी नवाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. मधले साडेआठ तास ती बाजू सावलीत असते आणि मागचं आकाश पांढरं फटक येतं.

मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. उन्हाळी वेळ लावलेली असते, शहर त्या वेळेच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला आहे, आणि जानेवारीत सूर्य तसाही तेरा-एक मिनिटं मागे असतो. हे सगळं धरून खरी मध्यान्ह दुपारी दीडच्या जरा पुढे होते. बारा वाजता येऊन ‘ऊन सरळ पडत नाही’ म्हणून निघून जाणारे बरेच दिसतात.

छपराच्या मध्यभागी एक मोकळी चौकट आहे आणि तिच्याखाली सोनेरी विहीर. वाड्याचा चौक आणि त्यातला आड ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं समजवायला नको. आकाश, जमीन आणि पाणी एका उभ्या रेषेत आणायची ही मांडणी आहे. पण मेलबर्नचं ऊन त्या रेषेत कधीच उतरत नाही. अलिबाग-मुंबईला मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटाला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. मेलबर्न मकरवृत्ताच्या १४ अंशांहून जास्त दक्षिणेला आहे, तिथे तो दिवस नाहीच. या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य माथ्यापासून १९ अंश उत्तरेला झुकलेला असतो. म्हणून उजेडाच्या चौकटीचा मध्य छपराच्या दर मीटर उंचीमागे ३४ सेंटिमीटर दक्षिणेला पडतो. २२ डिसेंबरच्या सुमाराला हा आकडा २६ सेंटिमीटर होता, त्याहून कमी होत नाही. उद्घाटनाच्या दिवशी ६५ होता, शेवटच्या दिवशी ४९ होईल. टेप आणि खडू घेऊन बसलं तर हे जमिनीवर आखता येतं. सकाळी उजेड मध्याच्या पश्चिमेला असतो, मध्यान्हीला दक्षिणेला, मग पूर्वेकडे चढतो. तो उत्तरेकडे जातो का, तर जातो, पण फक्त सव्वानऊच्या आधी आणि पावणेसहानंतर, आणि तेव्हा ऊन इतकं तिरपं असतं की चौकटीतून आलेला पट्टा मध्यापासून बराच लांब जाऊन पडतो.

छपराच्या पट्ट्यांतून जिथे ऊन सुटतं तिथे जमिनीवरचे कवडसे बघावेत. फट लांबट असो की वाकडी, बारीक असली तर कवडसा गोलसर पडतो. ती फटीची आकृती नसून सूर्याची प्रतिमा असते. तिचा व्यास दर मीटर उंचीला सुमारे नऊ मिलिमीटर. साडेतीन मीटरवरून आलेला ठिपका तीन सेंटिमीटरच्या थोडा वर. फट ठिपक्याइतकी किंवा त्याहून मोठी झाली की मग फटीचाच आकार दिसू लागतो. पट्ट्या किती दाट विणायच्या हे ठरवणाऱ्याच्या हातात म्हणजे दोनच पर्याय असतात, ठिपक्यांची सावली किंवा रेघांची.

कॅमेऱ्याला हा प्रकाश झेपत नाही. कवडशाचा आणि सावलीचा फरक इतका की फोन सावली उजळवायला जातो आणि ठिपके जळतात. ठिपक्यावर बोट ठेवून एक्स्पोजर कमी करायचं, बाकी काळं पडलं तर पडू दे.

चौथा दिवस : कारवी आणि ताबूत

छपराच्या पट्ट्या कारवीच्या आहेत. कारागिरांनी भारतात चार महिने बसून त्या जोडल्या आणि तयार पट्ट्या जहाजाने इकडे आल्या. मेलबर्नच्या प्रेक्षकाला कारवी म्हणजे एक अनोळखी काटकी. सह्याद्रीच्या उतारावर मात्र ती सगळीकडे. आठ वर्षांनी एकदा जांभळी-निळी फुलते आणि बी टाकून मरते. योगायोग असा की २०१६ हे मुंबईजवळच्या डोंगरांत तिच्या फुलण्याचंच वर्ष होतं.

कारवीचा आपल्याकडचा नेहमीचा उपयोग कुडाच्या भिंतीचा. अंगठ्याएवढ्या जाड काठ्या उभ्या रचायच्या, आडव्या कामट्यांत घट्ट धरायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीचा गिलावा. ती भिंत छपराच्या पागोळीखाली असते, तिच्यावर थेट पाऊस कधीच येत नाही. जैन यांनी भिंतीची वस्तू उचलून डोक्यावर नेली, आणि ही या मंडपातली सगळ्यात धाडसी गोष्ट आहे असं आमचं मत. अलिबागेत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे उघड्या कारवीचं छप्पर एका पावसाळ्यात काळं पडून बुरशीला लागलं असतं. मेलबर्नचा वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणून हे तिथे जमून जातं.

जमतं म्हणजे काळजी नको असं नाही. काठी तोडल्यावर साल न सोलता वापरली तर सालीखाली किडा राहतो. ओली असतानाच जोडली तर सुकल्यावर सांध्यात फटी पडतात आणि ओळ वाकडी होते. काठी बुंध्याला जाड आणि शेंड्याला बारीक, म्हणून एक बुंध्याकडून आणि पुढची शेंड्याकडून अशी उलटसुलट रचली नाही तर पट्टी चौकोनी राहत नाही, एका बाजूला फाकत जाते. छपराखाली उभं राहून मान वर केली तर हा उलटसुलटपणा शोधावा. कुड बांधणाऱ्या बाया हे न मोजता करतात.

मंडपाकडे येणाऱ्या वाटेवर एक नक्षीदार मनोरा आहे, ताझिया. परिचयपत्रकात त्याची ओळख ‘भारतीय समारंभांत वापरला जाणारा मनोरा’ अशी आहे. हे फार गुळमुळीत झालं. आपल्याकडे त्याला ताबूत म्हणतात. मोहरमचा ताबूत, इमाम हुसेन यांच्या करबलातल्या समाधीची प्रतिकृती. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद लावून दर वर्षी नवा करायचा आणि विसर्जन करायचा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कितीतरी गावांत ताबूत बांधायला आणि उचलायला हिंदू घरांचेही खांदे असतात. थोड्या दिवसांसाठी बांधायचं, मन लावून बांधायचं आणि मग सोडून द्यायचं, याची सवय असलेल्या समाजातून ही वस्तू आली आहे. बागेत ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढंच आयुष्य असलेल्या मंडपाच्या दारात ती ठेवणं चपखलच आहे, पण शोकाचा संदर्भ गाळून ती नुसती शोभेची राहते.

दुपारपर्यंत उत्तरेचा गरम वारा होता. मग दक्षिण-पश्चिमेकडून गार झोत आला आणि तासाभरात स्वेटर घालायची वेळ आली. मेलबर्नच्या उन्हाळ्यात हे नेहमीचं. बांबूच्या मंडपाला मात्र हाच क्षण जड जातो. सकाळभर सुकून सैल झालेल्या बांधणीला अचानक आडवा वारा आणि पाठोपाठ सर. अशा वेळी सांध्यांतून बारीक करकर ऐकू येते. ती काळजीची नसते. दोराचा मंडप थोडा हलून जोर जिरवतो, तसा बांधलेलाच असतो. काळजी करायची ती एकाच जागचा आवाज सारखा आणि ठक् असा येत असेल तर. तिथे खुंटी सैल झालेली असते.

उन्हाचा डागही बघून घ्यावा. अतिनील किरणांनी बांबूचा वरचा थर आधी फिकट आणि मग करडा होतो. आपल्याकडे घराची दक्षिण बाजू आधी उडते, इथे उत्तर. दोन्ही कडांचे बांबू शेजारी धरल्यासारखे आलटून पालटून बघितले तर तीन-साडेतीन महिन्यांचा फरक ओळखता येतो.

पाचवा दिवस : मंडप उठल्यावर काय

शेवटचा दिवस शहरात. विल्यम स्ट्रीटवर जुन्या टांकसाळीच्या इमारतीत हेलेनिक म्युझियम आहे, त्याच्या आवारात २०१४ चा पहिला एमपॅव्हिलियन ठेवलाय, शॉन गॉडसेल यांचा. पोलादी सांगाडा, बारा मीटर चौरस, छिद्रांच्या अॅल्युमिनियम पत्र्याचे पाखे, ते यंत्राने उघडतात-मिटतात. इथेही विषय ऊनच, फक्त ते आत घ्यायचं की नाही हे पाखा ठरवतो. २०१५ चा अमांडा लेविट यांचा काचतंतू-कार्बनतंतूच्या पाकळ्यांचा मंडप डॉकलंड्स पार्कात गेला. पोलादी सांगाडा हलवणं सोपं असतं. बोल्ट काढा, भागांना क्रमांक द्या, ट्रकवर चढवा, नव्या पायावर त्याच क्रमाने लावा.

बांधलेला मंडप तसा सुटत नाही. ताणून बसलेली बांधणी सोडवत बसण्यापेक्षा कापतात, कारण उसवलेला दोर पुन्हा तसा ताण घेत नाही. म्हणजे हलवायचं ठरलं की दोराचा खर्च आणि बांधणाऱ्यांची मजुरी नव्याने धरायची. बांबू पुन्हा वापरता येतो, पण पहिल्या बांधणीच्या जागी त्याला घळ पडलेली असते आणि दुसरी बांधणी तिथेच यावी लागते. म्हणून सुटे करण्याआधी प्रत्येक बांबूवर जागा, दिशा आणि बुंधा कुठल्या टोकाला हे लिहून ठेवायचं. खडूने नाही, तो पहिल्याच सरीत जातो. कारवीच्या पट्ट्या आडव्या रचून नेल्या तर खालच्या पट्ट्या वजनाने वाकतात, त्या काचेसारख्या उभ्या धरून न्यायच्या. उपसलेल्या खुंट्या परत वापरायच्या नाहीत. भोकं थोडी मोठी झालेली असतात, नव्या खुंट्या त्या मापाने जाड करून घ्यायच्या.

नंतरची नोंद : हंगाम संपल्यावर २०१७ मध्ये बिजॉय जैन यांचा हा मंडप मेलबर्न झूला दिला गेला. प्राणिसंग्रहालय शहराच्या उत्तरेला पार्कव्हिलमध्ये, विल्यम स्ट्रीटवरून ट्राम. तो भाग मोफत पट्ट्याच्या बाहेर आहे, कार्ड टॅप करावं लागतं, आणि बागेतल्या मंडपासारखा हा फुकट नाही, आत जायला प्राणिसंग्रहालयाचं तिकीट लागतं.